टेटूची साल

आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकाला लागून एक सिमेंटचं बाकडं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा त्यावर वॉचमनचा डबा आणि छत्री असायची. पुढे त्याच बाकड्यावर बसून मी किती माणसांना ‘नाही’ म्हटलं, ते आता सांगता येणार नाही. शिक्षण रसायनशास्त्राचं, हुद्दा संशोधन सहायकाचा. पण नोकरीच्या उत्तरार्धात तुमचं खरं काम काय होतं, असं कोणी विचारलं तर आलेल्या माणसाला परत पाठवणं, हेच उत्तर द्यावं लागेल.

मी मूळची मसुऱ्याची. कोल्हापुरात शिकून परत आले तेव्हा आपल्या जिल्ह्यात रसायनशास्त्राची नोकरी म्हणजे शाळेत शिकवणं, एवढंच ठाऊक होतं. अठ्ठ्याण्णव साली कुडाळच्या बाहेर एका खाजगी संस्थेने वनस्पतींवर संशोधन करणारी छोटी प्रयोगशाळा काढली आणि मला तिथे काम मिळालं. दोन मजली इमारत, मागे हापूसची कलमं. वरच्या मजल्यावर आमचे प्रमुख, डॉक्टर रेगे. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. खाली आम्ही तिघं-चौघं, आणि भांडी धुवायच्या खोलीत शालन.

ओळखीचे लोक विचारायचे, “म्हणजे तुम्ही औषधं बनवता?” नाही. आम्ही झाडं कोड्यासारखी सोडवत होतो. कोकमाच्या आगळाचा, म्हणजे रसाचा, लाल रंग, कांद्याच्या सालीचा पिवळट तांबूसपणा, चहाचा तुरटपणा, ह्यांच्या मागे झाडांनी स्वतःसाठी तयार केलेली काही द्रव्यं असतात. त्या घराण्याला फ्लॅव्होनॉइड म्हणतात. ही द्रव्यं माणसाच्या रक्तवाहिन्या साफ ठेवतील, कॅन्सरच्या गाठी वाढू देणार नाहीत, अशी आशा त्या काळात जगभर होती. कोकणात तर पावलोपावली झाडं. तेव्हा आपल्या झाडांत काय आहे ते बघावं, एवढाच आमचा उद्योग.

काम अगदी स्वयंपाकघरातलं. साल किंवा पानं सावलीत वाळवायची, दळायची, मोठ्या बरणीत स्पिरिटमध्ये भिजत घालायची. सालीतलं द्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं. मग गाळून घ्यायचं. गाळलेला रस फिरत्या गोल चंबूत मंद ऊब देऊन आटवला की स्पिरिट उडून जातं आणि तळाला काळपट, चिकट अर्क उरतो. गाळणीवर उरतो तो चोथा. तो आम्ही मागे वाळत टाकायचो आणि मग कलमांच्या मुळांशी घालायचो. अर्काचा थेंब काचेच्या पट्टीवर चढवून अंधाऱ्या खोलीत निळसर दिव्याखाली धरला की पिवळे-हिरवे ठिपके चमकायला लागायचे. पहिल्यांदा ते ठिपके दिसले तेव्हा मी घरी जाऊन आईला तासभर तेच सांगत होते.

आमच्या हाती लागलेलं सगळ्यात श्रीमंत झाड म्हणजे टेटू. सरळसोट वाढणारं, तलवारीसारख्या लांब शेंगा लोंबणारं. दशमुळात त्याचं मूळ घालतात. साल खरवडली की आतून हिरवट पिवळी निघते. तिचा शुद्ध केलेला अर्क म्हणजे फिकट पिवळी भुकटी. सरांनी ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथे काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ती घालून बघितली आणि पेशी मेल्या.

सरांनी पेढे आणले. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण ह्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. बशीतली पेशी मारणं फार सोपं. बशीत समुद्राचं पाणी घातलं तरी ती मरते. बशीपासून माणसापर्यंतची वाट मात्र इतकी लांब, की बहुतेक द्रव्यं मध्येच कुठेतरी संपतात.

सरांनी हे सगळं एका वार्ताहरालाही सांगितलं होतं. त्याने पहिलं वाक्य ठेवलं आणि पुढचं सोडून दिलं. बातमी आली, कोकणातल्या झाडाने कॅन्सर बरा होतो. सरांनी खुलासा पाठवला, तो आतल्या पानावर चार ओळींत छापून आला. तो कोणीच वाचला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून फाटकाशी माणसं यायला लागली. एसटीने, रिक्षाने, कोणी गोव्याहून गाडी करून. छातीशी एक्स-रेची मोठी पाकिटं धरलेली. सर मुंबईचे, त्यांना मालवणी कळायची पण बोलता यायची नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “ह्या लोकांशी तुम्हीच बोला. तुमच्याकडून ऐकलं तर त्यांना कमी वाईट वाटेल.”

माझी एक पद्धत ठरून गेली. आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं, कागद बघायचे. उपचार चालू असतील तर ते सोडू नका म्हणून सांगायचं, नसतील तर गोव्याच्या मोठ्या इस्पितळात कुठल्या खिडकीशी जायचं, ते सांगायचं. बांद्याचा एक किराणा दुकानदार बापाला घेऊन आला होता. म्हाताऱ्याला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. मी सगळं समजावलं. मुलगा ऐकत होता, पण बाप माझ्या मागच्या दाराकडे बघत होता, कोणीतरी बाटली घेऊन बाहेर येईल म्हणून. दुसरा एक गृहस्थ धडधाकट, तांबूल चघळत आला. काय होतंय, विचारलं तर म्हणाला, “माका काय नाय. असूंदे घरात एक बाटली, लागात तेव्हा.” त्याला परत पाठवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अशात एक दिवस सुलोचना आली. शिरोड्याच्या बाजारात मासे विकायची. उंच, ठसठशीत बाई, आवाज बाजारात कमावलेला. बरोबर तिचा घोव, म्हणजे नवरा, रघुनाथ. तो होडीवर जायचा. सुलोचना बसल्या बसल्याच म्हणाली, “बाई, तुमच्याकडची शालन ती माझी धाकटी भैण.”

गाठ डाव्या स्तनात होती, सुपारीएवढी. गोव्याच्या डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन सांगितलं होतं.

“कापूक व्हया म्हणता तो,” सुलोचना म्हणाली. “पुरा काढूक व्हया.”

“मगे जावा. आजच जावा,” मी म्हटलं. “गाठ ल्हान आसा तवसर काढलास तर वाचतलास.”

“आणि तुमचा औषध?”

“ता औषध नाय ओ. काचेच्या बशीत घालून बघितलेला. माणसाक कोणी दिलेला नाय.”

“कोणाकच नाय?”

“कोणाकच नाय.”

तिने नवऱ्याकडे बघितलं, मग वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे. म्हणाली, “तुमचे सर बरे आसत मां?”

“बरे आसत. कित्याक?”

“सहज इचारलंय.”

जाताना तिने मला भरघोस हसून नमस्कार केला. मला वाटलं, पटलं हिला. पुढे महिन्याभराने शालनला विचारलं, “ताईचं ऑपरेशन झालं ना गो?” शालन चंबू विसळत होती. मान वर न करता म्हणाली, “झाला. बरी आसा.” मीही मग तो विषय सोडला.

पावसाळा सरता सरता रघुनाथ एकटाच आला. हातात झाकणाचा डबा. बाकड्यावर बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, “बाई, शालन शिरोड्याक येवक नाय. पावडर संपली. म्हटला, आपणच जावया.”

“कसली पावडर?”

“तीच. सुलूची.”

मी डब्याचं झाकण काढलं. तळाला तपकिरी भुसा चिकटला होता. वास घेतला. स्पिरिटचा मंद वास आणि बाकी काही नाही. तो आमचा चोथा होता. ज्यातून जे काढायचं ते सगळं आम्ही काढून घेतलं होतं, तो.

“ह्या कोणी दिल्यान?”

रघुनाथ गोंधळला. “तुमका म्हायत नाय? शालन म्हणाली, औषध सगळ्यांका पुरात तितक्या नाय, म्हणान बाई भायर सगळ्यांका नाय म्हणतत. आपल्या माणसांका देतत.”

मी त्याला विचारलं, ऑपरेशन? त्याने नाही म्हणून मान हलवली. गाठ आता फुटली होती.

मी तशीच भांडी धुवायच्या खोलीत गेले. शालनने मला बघितलं, मागे दारात उभा असलेला मेहुणा बघितला, आणि हातातली काचेची नळी हळूच ओट्यावर ठेवली. मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात फार थोड्या वेळा ओरडले असेन, त्यातली ही एक. चोथा का दिलास, मी तुझ्या बहिणीला समोर बसवून सांगितलं होतं, हे औषध नाही म्हणून, तू खोटं का बोललीस?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर स्वतः घेतत.”

“काय?”

“रोज सकाळी मी तेंका गरम पाणी वर न्हेवन देतंय. ते कपाटातली पिवळी पावडर काढतत, मधात कालवतत, खातत. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दोन वर्सा बघतंय. तुमी गेटार नाय म्हणतास, सर वर घेतत. मी कोणाचा खरा मानू, बाई? तुमचा की सरांचा? सर तुमच्यापेक्षा जास्त शिकलेले.” आणि मग आवाज फुटून, “चांगली पावडर चोरूचा माझा धाडस नाय झाला. म्हटला, चोथ्यात पण थोडा तरी आसतला.”

मी जिना चढून वर गेले.

सर खिडकीशी बसून काहीतरी वाचत होते. त्यांना लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. तरुणपणी कृत्रिम झडप बसवली. अशा माणसाला जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, नाहीतर झडपेवर रक्ताची गुठळी बसते. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. टेटूचं नव्हतं.

मी म्हटलं, “सर, शालनने तुम्हाला रोज टेटू घेताना बघितलंय.”

त्यांनी नाकारलं नाही. चष्मा काढला. “मी कुणाला घे म्हणून सांगितलं नाही.”

“तुम्ही सांगायची गरजच नव्हती.”

मग मी सुलोचनाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पुरावा नाही हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण माझ्या छातीत ही झडप वाजते. खोली शांत असली की मला ती ऐकू येते. टक्, टक्. ती ऐकत पडलं की माणूस शास्त्रज्ञ राहत नाही. रक्तवाहिन्या तरी साफ राहतील, एवढीच आशा. सगळा पुरावा जमेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ कुठे आहे?”

“फाटकावर येतात त्यांच्याकडे तरी कुठे आहे?”

“मग काय, त्यांनाही देऊया? नुसत्या आशेवर?”

मी एवढंच म्हटलं, “उद्या शिरोड्याला चला. तिला हे तुम्ही सांगा.”

ते आले. हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर, मी आणि शालन असे तिघं गाडीतून शिरोड्याला गेलो. सुलोचनाचं घर माडांत, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात जाळं वाळत टाकलेलं. घरात शिरताना जो वास आला तो माशांचा नव्हता. तिने खोबरेल लावून, कापूर घालून, कापडावर कापड गुंडाळलं होतं. त्या सगळ्यातून तो वास येत होता. ती भिंतीला टेकून बसली होती, अर्धी झालेली. तरी सरांना बघून सावरून बसली आणि रघुनाथला म्हणाली, “खुर्ची दी तेंका.”

सरांनी खुर्ची घेतली नाही. ते तिच्या समोर जमिनीवर बसले. म्हणाले, “बाई, तुम्ही जी पावडर घेताय ती औषध नाही. तिच्यात काही उरलेलंही नाही. आणि उरलेलं असतं तरी ह्या गाठीला त्याने काही झालं नसतं. तुम्ही आजच्या आज इस्पितळात चला. मी गाडी आणलीय.”

सुलोचनाने विचारलं, “मगे तुमी कित्याक घेतास?”

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाले, “भीती वाटते म्हणून.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. बाजारात गिऱ्हाइकाला पारखतात तसं. मग म्हणाली, “माका पण ऑपरेशनाची भीतीच वाटली ओ, सर. बाकी काय नाय.”

शालन दारात उभी होती, ती अंगणात जाऊन बसली.

आम्ही तिला त्याच गाडीतून गोव्याला नेलं. डॉक्टरांनी तपासून रघुनाथला बाहेर बोलावलं. दुखणं हाडांत पोहोचलं होतं. दुखणं कमी करायची औषधं देऊन महिन्याभराने तिला घरी पाठवलं. शिमग्याच्या आधी ती गेली. मी भेटायला गेले होते तेव्हा तिने शालनचा हात धरला होता आणि मला म्हणाली होती, “हिका कामावरना काढू नकात. हिना माझ्यासाठीच केल्यान.”

सरांनी शालनला काढलं नाहीच. संस्थेतल्या एकाने चोरीचा मुद्दा काढला तेव्हा सर म्हणाले, “कचरा नेला तिने. आणि काढायचंच असेल तर आधी मला काढा.” शालन पंधरा-वीस दिवसांनी परत आली. सकाळचं गरम पाणी वर नेण्याचं काम तिने सोडून दिलं. कोणी तिला ते सांगितलंही नाही.

सरांनी मला सांगितलं होतं, की त्यांनी टेटू घेणं बंद केलं. मी विश्वास ठेवला.

त्यानंतरचं काम जड मनाने चाललं. पुढची पायरी उंदरांची होती. ते काम मुंबईतच झालं. पोटातून दिलेला टेटूचा अर्क रक्तात जवळजवळ उतरतच नव्हता. आतडं आणि यकृत त्याचं रूप बदलून त्याला बाहेर काढून टाकत होती. बशीत जे पेशी मारत होतं ते शरीरात गाठीपर्यंत पोहोचतच नव्हतं. अशी कित्येक फ्लॅव्होनॉइड द्रव्यं ह्याच ठिकाणी अडकलेली आहेत. निकाल वाचून सर म्हणाले, “संपलं.” मग थोड्या वेळाने, “त्या बाईंना बरोबर सांगितलं मी, नाही का?” मी हो म्हटलं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी सर ऑफिसात खुर्चीवर कलंडलेले सापडले. वर गेली होती ती शालनच, टपाल द्यायला. तिची किंकाळी खाली ऐकू आली. सरांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, नाकातून रक्त आलं होतं. आम्ही गाडीत घालून गोव्याला नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला विचारलं, “रक्त पातळ करायची गोळी घेत होते ना? रक्त अपेक्षेपेक्षा फारच पातळ झालंय. आणखी काही घेत होते का? झाडपाल्याचं, आयुर्वेदिक?”

वहिनी म्हणाल्या, “छे! ते स्वतः शास्त्रज्ञ आहेत. असलं काही घेणार नाहीत.”

मी शालनकडे बघितलं. तिने मान खाली घातली आणि पुटपुटली, “कपाटात बाटली आसा, बाई. अर्दी झाली हा.” म्हणजे टपाल द्यायला जायची तेव्हा ती बघत होती, आणि ह्या वेळी कोणाला बोलली नव्हती.

वहिनींसमोर ते मलाच सांगावं लागलं. टेटूच्या सालीचा शुद्ध अर्क, रोज, मधातून, काही वर्षं. डॉक्टरने लिहून घेतलं. वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या, की मीच तो त्यांना पाजला होता. दोन दिवसांनी सर गेले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

टेटूमुळेच झालं का? डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येणार नाही. त्या गोळीवरच्या माणसाला असं नुसतंही होऊ शकतं. रसायनशास्त्रातल्या माणसाने ह्याच्या पुढे बोलू नये. पण मला एवढं ठाऊक आहे, की ती गोळी शरीरातून बाहेर काढायचं काम यकृत करतं, आणि टेटूतल्यासारखी द्रव्यं रक्तात फारशी उतरली नाहीत तरी यकृताच्या त्या कामात ढवळाढवळ करू शकतात. मग गोळी साचत जाते आणि रक्त पातळ होत जातं. हे सरांना माझ्यापेक्षा आधी ठाऊक होतं. त्यांच्याच एका व्याख्यानात मी ते पहिल्यांदा ऐकलं होतं.

सरांच्या मागे प्रयोगशाळा फार टिकली नाही. संस्थेने हळूहळू हात आखडता घेतला. नवीन प्रमुख आले, गेले. बातमी लोक विसरले होते, तरी वर्षातून दोन-तीनदा कोणीतरी फाटकाशी यायचंच. एव्हाना आसपासच्या टेटूंची साल आणि मुळं लोकांनी स्वतःच काढून नेली होती. मुळं उकरून काढल्यावर झाड जगत नाही. वेंगुर्ल्याच्या वाटेवर आम्ही ज्या झाडांची साल पहिल्यांदा घेतली, त्यातलं एकही उभं राहिलं नव्हतं.

दोन हजार नऊच्या अखेरीस सामान हलवायला सुरुवात झाली. एके दिवशी शालन आणि मी काचेची भांडी भुशाच्या खोक्यांत भरत होतो. ती एकदम थांबली. म्हणाली, “बाई, माका पण लागता.”

“काय लागता?”

तिने हात छातीशी नेला. “वाटाण्याएवढा. काल न्हाताना गावला. घरात कोणाक सांगूक नाय. पयल्या तुमकाच सांगतंय.”

मी तिच्या हातातला चंबू घेऊन बाजूला ठेवला. दोघी तशाच गोव्याला निघालो. बांद्यापर्यंत एसटी, तिथून दुसरी. हद्दीवरच्या चेकनाक्यापाशी गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, “ताईक ह्याच वाटेन न्हेलेला मां?”

तपासणीत तेच निघालं, पण लहान होतं, एका जागी होतं. आठवड्यात ऑपरेशन झालं. तिचा नवरा घाबरून पार खचला होता. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बसले आणि पुढे दर वेळच्या केमोच्या सलाइनलाही बरोबर गेले. तिचे केस गेले. तोंड आलं, खाल्लेलं राहत नव्हतं. मला वाटायचं, ही मध्येच सोडून देणार. पण तिने एकही खेप चुकवली नाही.

शेवटच्या खेपांपैकी एका दिवशी ती पलंगावर पडून वरच्या बाटलीकडे बघत होती. थेंब थेंब नळीतून हातात उतरत होता. म्हणाली, “बाई, ह्या कसल्यापासून करतत?”

त्या औषधाचं नाव मला ठाऊक होतं, आणि ते कुठून आलं तेही.

“एका झाडाच्या सालीपासून,” मी म्हटलं. “आपल्याकडे नाय ता झाड. दूर परदेशात आसा. तेच्या सालीत ह्या गावला.”

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. “खरा सांगतास?”

“खरा. पण साल कुटून कोणी खाल्लेली नाय. ता औषध सालीतना भायर काढूचा, शुद्ध करूचा, किती द्यायचा, कोणाक द्यायचा, तेनी काय बिघडता, ह्या सगळा बघूक लोकांचे जन्म गेले. किती तरी लोकांचे.”

“आमच्या सरांसारखे?”

“सरांसारखे.”

ती पुन्हा वर बघायला लागली. बाजूच्या पलंगावरची बाई कण्हत होती. नर्स येऊन तिची नळी सारखी करून गेली. मला वाटलं, शालनला झोप लागली. पण थोड्या वेळाने तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरताना दिसलं.

“मगे आमची ताई खुळी नाय होती,” ती म्हणाली. “झाडाच्या सालीत आसता, ह्या तिचा खोटा नाय होता.”

“नाय गो,” मी म्हटलं. “खुळी नाय होती.”

तिने सलाइन नसलेला हात माझ्याकडे केला. बाटली संपेपर्यंत मी तो धरून बसले.